दादाच्या चालण्यात काय बदललंय, हे कॅमेऱ्याला कळेल का?

निळाई

नमस्कार मंडळी. इथे फिजिओथेरपी, मानसोपचार, कॅमेरे-कॉम्प्युटर अशा निरनिराळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत, म्हणून इथेच विचारते. जरा लांबण लागेल.

आम्ही वाईचे. माझा मोठा भाऊ ४३ वर्षांचा आहे आणि २४व्या वर्षापासून त्याला स्किझोफ्रेनिया आहे. आई-आप्पा गेल्यापासून तो माझ्याकडेच असतो. आवाज ऐकू येणं, संशय हे सगळं गेली सात-आठ वर्षं पुष्कळ आटोक्यात आहे. सकाळी तो शेजारच्या पिठाच्या गिरणीत डबे लावायला आणि त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायला जातो, संध्याकाळी घाटावर. गोळ्या एकही दिवस चुकवत नाही. सुरुवातीची बरीच वर्षं हॅलोपेरिडॉल होतं, आता रिस्पेरिडोन आणि त्याने येणारा ताठरपणा कमी करायला सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल.

प्रश्न त्याच्या चालण्याबद्दल आहे. आमच्या घराला लाकडी जिना आहे. पूर्वी दादा दोन-दोन पायऱ्या एकदम चढून यायचा. आता चपलेची टाच प्रत्येक पायरीच्या कडेला घासते आणि वळणावर तो क्षणभर थांबतो. मी ओट्याकडे तोंड करून पोळ्या लाटत असले तरी मला कळतं, दादा आला. घाटाची वाट दहा मिनिटांची. त्याला वीस लागतात. चालताना उजवा हात हलत नाही, नुसता लोंबतो. खुर्चीत बसला की त्याच हाताचा अंगठा आणि बोट वाती वळल्यासारखी फिरत राहतात. अलीकडे तोंडात काही नसताना जबडा चघळल्यासारखा हलतो. मी हे डॉक्टरांना दोनदा सांगितलं. पण ओपीडीत दादा आधीच खुर्चीत बसलेला असतो, त्याला चालताना कुणी बघतच नाही. "इतक्या वर्षांच्या आजारात असं होतं," एवढंच ऐकायला मिळालं.

गेल्या महिन्यात आमच्या स्वमदत गटात फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक मुलगी आली होती. आमच्या गटात आजार असलेल्याला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. तिला शुभार्थींच्या चालण्याचा अभ्यास करायचा आहे. अंगावर छोटे चकाकणारे गोळे चिकटवतात, भोवताली कॅमेरे असतात आणि त्यातून हालचालीचा नकाशा तयार होतो, असं तिने सांगितलं. सिनेमात माणसाच्या हालचालीवरून राक्षस वगैरे बनवतात तेच तंत्र, मोशन कॅप्चर. अर्धा दिवस लागेल, येण्या-जाण्याचा खर्च त्या देतील.

मला हे विचारायचं आहे: यातून दादाला काही कळेल का? हे आजाराने झालंय की गोळ्यांनी, हे तो कॅमेरा सांगू शकतो का? आणि दादा मुळात कॅमेऱ्यांना बुजतो. एके काळी टीव्हीतून आपल्याला बघतात असं त्याला वाटायचं. त्याला तिथे न्यावं का?


टाच_आणि_चवडा

निळाई ताई, तुमचं लिहिणं मी तीनदा वाचलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सहा वर्षं गेट लॅबमध्ये काढली, म्हणजे जिथे माणसाची चाल मोजतात त्या प्रयोगशाळेत. बहुतेक काम सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं, शेवटची दोन वर्षं मानसोपचार विभागाकडून आलेल्या रुग्णांचं. टाच घासणं, वळताना थांबणं, एका बाजूचा हात न हलणं, हे आम्ही इतकी यंत्रं लावून टिपतो आणि तुम्ही पोळ्या लाटताना टिपलंय. तारखेसकट लिहून ठेवत जा. पुढे उपयोगी पडेल.

आधी तिथे काय होतं ते सांगते. गोळे लहान गोटीएवढे असतात, वजन जवळजवळ नाहीच. कमरेच्या हाडावर, गुडघ्याच्या बाजूला, घोट्यावर, टाचेवर, खांद्यावर, मनगटावर ते दुहेरी टेपने चिकटवतात. भिंतींवर आठ-दहा कॅमेरे असतात. त्यांतून इन्फ्रारेड प्रकाश निघतो, गोळ्यावर आपटून परत येतो. एकच गोळा निदान दोन कॅमेऱ्यांना एका वेळी दिसला, की तो खोलीत नेमका कुठे आहे ते गणिताने निघतं. हे सेकंदाला शंभरदा किंवा जास्त वेळा होतं. दादांना सात-आठ मीटरच्या पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा ये-जा करायला लावतील. एखाद वेळी शंभरातून सात-सात वजा करत चालायला सांगतील, कारण मन गुंतलेलं असलं की चाल सांभाळून घेता येत नाही, खरी बाहेर पडते. त्यातून पावलाची लांबी, वेग, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असण्याचा वेळ, हात किती अंशांतून हलतो, वळायला किती पावलं लागतात, असं सगळं आकड्यांत मिळतं.

गोळे दिसले की चेहरा, कपडे, वय काहीच दिसत नाही, तरी चाल दिसते. ही गोष्ट स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवली. माणसांच्या सांध्यांवर दिवे लावून अंधारात त्यांचं चित्रीकरण केलं. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्याला काही अर्थ लागत नव्हता. ते हलले की क्षणात कळायचं, माणूस चालतोय. मी पहिल्यांदा तशी फिल्म पाहिली तेव्हा हाच धंदा आपला, असं ठरवून टाकलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न: आजार की गोळ्या? एका दिवसाच्या मोजणीतून हे कळत नाही. हे मी अगदी स्पष्ट सांगते, कारण यंत्र बघितलं की घरच्यांच्या आशा वाढतात. मानसिक आजारात शरीराची हालचाल बदलते हे गोळ्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. जर्मनीत कार्ल कालबाउमने कॅटाटोनियावरचा, म्हणजे मानसिक आजारात शरीर ताठरून थिजण्यावरचा ग्रंथ लिहिला तो १८७४ साली, आणि स्किझोफ्रेनियावर पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, वापरात आलं १९५२ साली पॅरिसमध्ये. ज्यांनी एकही गोळी घेतलेली नाही अशा रुग्णांतही ताठरपणा आणि तोंडाच्या नकळत हालचाली सापडलेल्या आहेत. दुसरीकडे रिस्पेरिडोन आणि त्याहून जास्त हॅलोपेरिडॉल मेंदूतल्या डोपामाइनचा, म्हणजे हालचालीलाही लागणाऱ्या रसायनाचा, मार्ग अडवतात, त्याने पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. पावलं आखूड, हात लोंबता, वाती वळणं. दोन्ही वाटांनी आलेला माणूस पट्ट्यावर चालला तर आकडे बरेचसे सारखेच येऊ शकतात.

मग उपयोग काय? उपयोग आहे तो दादांची तुलना दादांशीच करण्यात. आज मोजलं, डॉक्टरांनी मात्रा बदलली, तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर काहीतरी बोलता येतं. डॉक्टरांच्या तपासणीच्या तक्त्यात शून्य ते चार असे गुण देतात. दोनाचे दीड झाले तर ते डोळ्याला कळत नाही. हात बारा अंशांऐवजी वीस अंश हलायला लागला तर कॅमेऱ्याला कळतं. म्हणून त्या मुलीला विचारा, मोजणी एकदाच आहे की पुन्हा बोलावणार. एकदाच असेल तर तो अभ्यास चांगला असू शकतो, विज्ञानाला त्याचा उपयोगही होईल, पण दादांना स्वतःला त्यातून फार मिळणार नाही.

आणखी एक. चालीत मिसळणाऱ्या गोष्टी फार असतात. गुडघा दुखतो का, वजन वाढलंय का, साखर वाढून तळपायाची जाणीव कमी झालीय का, घरात चप्पल आणि तिथे अनवाणी का, हे सगळं विचारलं गेलं पाहिजे. मनःस्थितीही मिसळते. २००९ साली जर्मनीतल्या योहान्स मिखालाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्यांची चाल अशीच ठिपक्यांनी मोजली. नुसता वेग कमी नव्हता. हात कमी हलत होते, चालताना डोकं वर-खाली कमी होत होतं, वरचं धड डाव्या-उजव्या बाजूला जास्त झुलत होतं, पोक होता. मग त्यांनी विद्यार्थ्यांना उदास करणारं संगीत ऐकवून चालवलं, तर त्यांच्याही चालीत तसलेच बदल दिसले. म्हणजे सकाळी घरात भांडण होऊन माणूस लॅबमध्ये आला तर तेही आकड्यांत उतरतं. आम्ही पहिल्या चार-पाच फेऱ्या धरायचोच नाही. कॅमेऱ्यासमोर आल्या आल्या कुणीच रोजच्यासारखं चालत नाही.

कपड्यांचं आधीच विचारून ठेवा. अर्धी चड्डी आणि अंगाला बसणारा बनियन लागतो. आमच्याकडे एक काकू आल्या होत्या, त्या म्हणाल्या, मी सहावारीतच चालणार. कुणीतरी त्यांना समजवायला लागलं, मी थांबवलं. त्या आयुष्यभर सहावारीत चालल्या, मग चड्डीत मोजलेली चाल त्यांची कशी? शेवटी पोटरीवर आणि पावलावर पट्ट्याने सेन्सर बांधले, कॅमेऱ्याची गरजच पडली नाही. दादांना संकोच वाटत असेल तर हा पर्याय आहे का ते विचारा.

आणि हे सगळं होईपर्यंत थांबू नका. तोंडाच्या आणि बोटांच्या हालचालींसाठी एम्स (AIMS, दिल्लीचं इस्पितळ नव्हे) नावाची तपासणी आहे, १९७६ पासून वापरात असलेली, बारा मुद्द्यांची. यंत्र लागत नाही, दहा मिनिटं लागतात. त्यात तोंड उघडायला लावतात, जीभ बाहेर काढायला, अंगठ्याला एकेक बोट टेकवायला, चार पावलं चालून परत यायला. आणि रुग्ण नकळत बसलेला असताना, उदाहरणार्थ बाहेर बाकावर, त्याला पाहावं असं त्या पद्धतीतच लिहिलेलं आहे. पुढच्या भेटीत "एम्स तपासणी करून द्याल का?" असं नाव घेऊन विचारा.

शेवटचं विचारते. आजाराच्या आधीचा दादांचा चालतानाचा एखादा व्हिडिओ आहे का? लग्नाचा, सहलीचा? अमेरिकेत इलेन वॉकर यांनी पुढे स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या लहानपणीच्या घरगुती फिल्म पाहूनच हालचालींचा अभ्यास केला होता. घरचे जुने व्हिडिओ फार मोलाचे असतात.


फ्रेम_मोजणारा

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. पुण्यात गेमसाठी मोशन कॅप्चरचं काम करतो, दिवसभर ठिपकेच बघत असतो. टाच_आणि_चवडा यांनी छानच लिहिलंय, मी फक्त माझ्या बाजूचं सांगतो, कारण इथे एक खाच आहे.

कॅप्चर केलेला डेटा कच्चा कधीच वापरत नाहीत. हात पोटासमोरून गेला की कमरेचा गोळा झाकला जातो, तेवढ्या फ्रेम अंदाजाने भरतात. दोन गोळे जवळ आले की कॉम्प्युटर त्यांची नावं बदलून टाकतो. आणि प्रत्येक ठिपका जागेवर बारीक बारीक हलत असतो, ते हलणं काढायला फिल्टर लावतात. माझ्या कामात सगळी थरथर घालवणं हेच कौशल्य. नायकाचा हात लोण्यासारखा हलला पाहिजे.

पण निळाई ताई, तुमच्या भावाच्या बाबतीत थरथर हीच माहिती आहे. चालीच्या अभ्यासात पुष्कळदा ६ हर्ट्झचा फिल्टर लावतात, म्हणजे सेकंदाला सहा वेळांपेक्षा जास्त जलद हालचाल पुसट होते. चालण्यासाठी ते ठीक, पाय काही त्याहून जलद हलत नाहीत. मी मुद्दाम वाचून पाहिलं: पार्किन्सनची थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा असते, लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवायचं औषध) घेणाऱ्यांच्या हातांची आठ ते बारा. पहिली अगदी कडेवर येते, दुसरी साफ पुसली जाते. मग अहवालात "हातात कंप आढळला नाही" असं खऱ्या मनाने लिहिलं जाईल. त्या ताईंना एवढंच विचारा की फिल्टर कितीचा आहे आणि कच्चा डेटा ठेवणार का.

दुसरं. "चेहरा दिसत नाही, नुसते ठिपके, म्हणजे ओळख गुप्त," असं संमतीपत्रात लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. १९७७ साली कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी दाखवलं होतं की नुसत्या ठिपक्यांवरून माणसं आपल्या मित्रांना ओळखतात. आमच्या स्टुडिओत नाव नसलेली फाइल उघडली तरी मी सांगतो, ही अमुकची चाल. तुम्ही तर पाठमोऱ्या उभ्या राहून, नुसत्या चपलेवरून ओळखता. डेटा कुणाकुणाला देणार, किती वर्षं ठेवणार, हे लेखी घ्या.

मोबाइलवर व्हिडिओ काढून ॲपने सांधे ओळखायचे, असा मार्गही आता आहे, गोळे लागत नाहीत. घरी नोंद ठेवायला चांगला. फक्त मोबाइल एकाच जागी, कमरेच्या उंचीवर, बाजूने ठेवा आणि पायजमा सैल नको. झोळ असलेल्या कापडात ते ॲप गुडघा भलतीकडेच दाखवतं.


पहाटवारा

मी शुभार्थी आहे. अशाच एका अभ्यासात तीन वर्षांपूर्वी गेलो होतो, म्हणून लिहितो.

कॅमेऱ्यांची भीती खरी असते. त्या कॅमेऱ्यांना गोल लाल दिव्यांची कडी असते, ती सगळी आपल्याकडे रोखलेली. मला आजार जोरात होता तेव्हा मी घरातले स्विच बोर्ड उघडून बघायचो, आत कॅमेरा लपवलाय म्हणून. तर त्या खोलीत शिरल्यावर पोटात गोळा आला. तिथल्या दादांनी एक चांगलं केलं. मला काहीही चिकटवण्याआधी स्वतःच्या हाताला एक गोळा लावला, स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, बघ, याला एवढंच दिसतं. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका. मग हात शर्टाखाली लपवला, ठिपका गेला. "झाकलं की याला काही दिसत नाही." त्याने मी शांत झालो. कधी बंद करायचं ते मीच सांगेन, असंही ठरलं. मी दोनदा बंद करायला लावलं आणि दोन्ही वेळा त्यांनी लगेच बंद केलं.

दुसरी गोष्ट यंत्राशी संबंधित नाही, पण चालण्याशी आहे. काही वर्षांपूर्वी मी दिवसभर घरात येरझारा घालायचो. जेवताना उठायचो, उभा राहिलो की एका पायावरून दुसऱ्या पायावर. सगळ्यांना वाटलं आजार उसळलाय. गोळीची मात्रा वाढवली. येरझारा दुप्पट झाल्या. पुन्हा वाढवली. ते चार महिने मला आठवले की अजून घाम येतो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुला चालावंसं वाटतं, की बसवत नाही?" मी म्हटलं, बसवत नाही, आतून कुणीतरी ढकलतंय. त्यांनी मात्रा कमी केली, एक साधी गोळी दिली. दहा दिवसांत मी पूर्ण ताट संपेपर्यंत बसून जेवलो. आई बघतच राहिली. त्याला अकथिशिया म्हणतात हे मला नंतर कळलं.

कॅमेऱ्याने माझी पावलं मोजली असती, हजारोंनी. पण ते ढकलणं मला विचारल्याशिवाय कुणाला कळलं नसतं. म्हणून तुमच्या दादांना चालण्याबद्दल नीट विचारा. ताठ वाटतं का, घाबरून हळू चालतात, की पाय उचलतच नाही. कदाचित त्यांना कुणी कधी विचारलंच नसेल.


डॉ_सह्यगिरी

मानसोपचारतज्ज्ञ आहे, आता प्रॅक्टिस थांबवली आहे. वर बहुतेक सगळं आलंय. पहाटवारा यांनी सांगितलेला प्रश्न हा बार्न्स यांच्या अकथिशिया तपासायच्या १९८९च्या तक्त्यातला गाभा आहे. त्यात रुग्णाला बसवून आणि उभं करून, दोन्ही वेळा किमान दोन मिनिटं बघायचं असतं. गर्दीच्या ओपीडीत ती चार मिनिटं निघत नाहीत. माझीही कितीदा निघाली नाहीत, त्याचं मला वाईट वाटतं.

निळाई, तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. लोंबता हात, वाती वळणं, घासती टाच ही एक. तोंडाचं चघळणं ही दुसरी, तिला टार्डिव्ह डिस्कायनेशिया (अशा गोळ्या बरीच वर्षं घेतल्यावर येणाऱ्या नकळत हालचाली) म्हणतात का ते तपासून ठरवावं लागेल. हे वेगळं करणं महत्त्वाचं आहे, कारण ट्रायहेक्सिफेनिडिल पहिलीला मदत करतं आणि दुसरीला वाढवू शकतं. मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. हे वाचून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्यावर तोंडाच्या हालचाली आणखी उफाळू शकतात आणि आजार परत येऊ शकतो तो वेगळाच.

आणि तुम्ही विचारलंत, "त्याला न्यावं का?" २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे संशोधनासाठी मुक्त आणि समजून-उमजून दिलेली संमती लागते, ती त्याची स्वतःची. गिरणीत डबे नावानिशी लावणारा माणूस स्वतःच्या पायांबद्दल हो-नाही सांगू शकतो. संमती दिल्यानंतरही ती कधीही मागे घेता येते. संमतीपत्राची एक प्रत घरी आणा, त्यावर आचार समितीचा फोन नंबर असला पाहिजे.


निळाई

दोन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. आधी सगळ्यांचे मनापासून आभार.

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचल्यावर मी त्याच रात्री दादाला विचारलं. इतके दिवस मी सगळ्यांना विचारत होते, त्यालाच सोडून. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाय उचलायचा ठरवतो तेव्हा तो नसतो, नंतर येतो." हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय. अभ्यासाचं सांगितलं तर म्हणाला, ते ठिपके मला बघायला मिळणार असतील तर येतो.

गेलो. पहाटवारा, तुम्ही लिहिलेली गोळा लपवण्याची युक्ती मी त्या मुलीला आधीच फोनवर सांगितली होती, तिने तस्संच केलं. दादा हसला. संमतीपत्र त्याने पूर्ण वाचून सही केली, मध्ये एकदा थांबायलाही लावलं. मोजणी झाल्यावर तिने स्क्रीनवर त्याचे ठिपके चालवून दाखवले. दादा वाकून बघत होता, आणि एकदम म्हणाला, "हे आप्पा आहेत."

आणि होतेच हो. आमचे आप्पा एस.टी.त कंडक्टर होते. चामड्याची पिशवी जन्मभर डाव्या खांद्याला, त्यामुळे तो खांदा उतरलेला, आणि चालत्या गाडीत उभं राहून राहून पाय फाकलेले. स्क्रीनवरच्या ठिपक्यांचा डावा खांदा तसाच उतरलेला होता. त्या मुलीने दोन पावलांमधलं आडवं अंतर जास्त आलंय, तोल सांभाळायला असेल, अशी नोंद केली होती. मी तिला म्हटलं, जरा थांब, माझ्याकडे एक कॅसेट आहे.

टाच_आणि_चवडा, तुम्ही विचारलं होतंत ना. माझ्या लग्नाची व्हीएचएस, तिची नंतर सीडी करून घेतलेली. तेव्हा दादा २२ वर्षांचा होता, आजाराच्या दोन वर्षं आधी. कानपिळीला दादा मांडवाच्या दारापासून नवऱ्या मुलापर्यंत चालत येतो, पुढे आप्पा, मागे हा. दोघांचे डावे खांदे सारखे, पाय तसेच फाकलेले. म्हणजे ते आजाराचंही नव्हे आणि गोळीचंही नव्हे, आमच्या घराचं आहे. पण उजवा हात! त्या कॅसेटमध्ये दादाचा उजवा हात इतका मोकळा हलतोय की बाजूच्या बाईच्या ताटाला लागता लागता राहतो. तेवढे सतरा सेकंद मी किती वेळा बघितले सांगता येणार नाही. आता तो हात जेमतेम हलतो, लॅबच्या आकड्यांतही डाव्यापेक्षा निम्म्याहून कमी आलाय. त्या मुलीने तोलाबद्दलचा तिचा शेरा खोडून कॅसेटबद्दल टीप लिहिली.

सीडी मोबाइलवर घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो, या वेळी दुसऱ्या. आधी तो व्हिडिओ दाखवला, मग दादाला व्हरांड्यातून चालवला. एम्सचं नाव घेतलं तर त्यांनी लगेच कागद काढला. जीभ, बोटं, सगळं झालं. हळूहळू औषध बदलायचं ठरलंय, एकेक पाऊल, दर पंधरा दिवसांनी फोन. चघळणं अजून तसंच आहे. टाच अजून घासते, पण वळणावरचं थांबणं मला गेल्या आठवड्यात दोनदा ऐकू आलं नाही. मी तारीख लिहिली आहे.

फ्रेम_मोजणारा, फिल्टरचं विचारलं. सहाचाच होता. तिला हाताच्या थरथरीचं लक्षातच आलं नव्हतं, ती मार्गदर्शकांशी बोलली, आणि मनगटाचा कच्चा डेटा वेगळा ठेवणार आहे. दुसरी मोजणी तीन महिन्यांनी आहे. दादा विचारतोय, तेव्हा चप्पल घालून चाललं तर चालेल का. टाच_आणि_चवडा, टाचेचा गोळा चपलेला चिकटवतात का हो?